दुसऱ्या गाडीचे फोर्क आपल्या मोटरसायकलला: मापं, कोनसेट, भूमिती आणि सेटिंग

दुसऱ्या मॉडेलचे फोर्क (पुढचं चाक धरणारे, दबणारे दोन पाय) बसवायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो, बसतील का? लेथ, प्रेस आणि हात चालणारा टर्नर मिळाला तर बहुतेक फोर्क बहुतेक गाड्यांना बसवता येतात. पण नुसते बसले म्हणजे जमले असं नाही. गाडी वळताना हलकी राहते का, ब्रेक दाबल्यावर सरळ थांबते का, पूर्ण दबलेलं चाक रेडिएटरला घासत नाही ना, हे ठरतं चार-पाच मापांवर. ती मापं फोर्क विकत घेण्याआधी घ्यायची असतात. म्हणून या लेखात पाना हातात घेण्याआधीचा भाग मोठा आहे, आणि तो वगळू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खरंच बदलायचे आहेत का?

पुढचं चाक ब्रेक दाबताच खाली बसतं, खड्ड्यात आदळतं, वळणात तरंगल्यासारखं वाटतं, एवढीच तक्रार असेल तर आधी मूळ फोर्कमध्येच तुमच्या वजनाला योग्य स्प्रिंग, नवीन तेल आणि नवीन बुश टाकून बघा. बहुतेकांचं समाधान तिथेच होतं आणि भूमितीला, म्हणजे पुढच्या चाकाच्या कोन-अंतरांना, हातही लागत नाही.

फोर्क बदलण्याला अर्थ आहे तो वेगळ्या कारणांसाठी. मूळ पाईप वाकलेत किंवा क्रोम उडालाय आणि भाग मिळत नाहीत. एका डिस्कऐवजी दोन हव्यात. साध्या डॅम्पर-रॉडऐवजी कार्ट्रिजवाले, कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड (उघडतानाचा विरोध) वेगवेगळं लावता येणारे फोर्क हवेत. सुझुकी एसव्ही ६५० ला जीएसएक्स-आरचे फोर्क बसवणं हे याचं जगभर परिचित उदाहरण आहे. त्या गाडीचं इंजिन आणि फ्रेम चांगली, पण मूळ फोर्क अगदी साधे, त्यामुळे बदलाचा फरक लगेच जाणवतो.

एक गोष्ट आधीच उरकून घ्या. गाडीत असे बदल करण्याचे नियम आणि विम्याच्या अटी ठिकाणानुसार वेगळ्या असतात. काम सुरू करण्यापूर्वी दोन्ही तपासा, मंजुरी लागत असेल तर ती आधी घ्या.

डोनर गाडी (जिचे फोर्क घ्यायचे ती) निवडताना

माझं ठाम मत असं की सुटे फोर्क घेऊ नयेत, पूर्ण पुढचा भाग घ्यावा. दोन्ही फोर्क, वरची आणि खालची टी (दोन्ही फोर्क धरणाऱ्या आडव्या पट्ट्या), स्टेम (टीच्या मधला, हँडल ज्यावर फिरतं तो दांडा), अ‍ॅक्सल, चाक, स्पेसर, डिस्क, कॅलिपर, मडगार्डचे ब्रॅकेट, जमल्यास मास्टर सिलिंडरसुद्धा (ब्रेक लिव्हरजवळचा तेलाचा पंप). हे सगळे भाग एकमेकांसाठी बनलेले असतात. एकेक भाग वेगळ्या ठिकाणाहून गोळा केला की प्रत्येक जोडाला नवा स्पेसर लागतो आणि प्रत्येक स्पेसर ही चूक व्हायची नवी जागा असते.

डोनर गाडी तुमच्या गाडीच्या वजनाच्या जवळपासची, त्याच मापाच्या पुढच्या चाकाची आणि साधारण तेवढ्याच फोर्क ट्रॅव्हलची (फोर्क जितकं अंतर दबतो त्याची) असावी. ट्रेल बाइकचे लांब फोर्क रस्त्याच्या गाडीला किंवा स्पोर्ट्स गाडीचे आखूड फोर्क उंच गाडीला लावायचे म्हणजे पुढची सगळी गणितं उलटीपालटी होतात.

असे फोर्क बहुधा अपघातातल्या गाडीतूनच बाहेर आलेले असतात, म्हणून तपासणी कडक ठेवा. टेलिस्कोपिक फोर्कचा आतला पाईप काढून सपाट जाड काचेवर लोळवा. वाकलेला पाईप एका ठिकाणी उचलला जातो आणि खालून प्रकाशाची फट दिसते. अचूक आकडा हवा असेल तर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावा. मॅन्युअलमधली मर्यादा सहसा ०.२ मिमीच्या आसपास असते. क्रोमवरून नख फिरवा. नख अडेल असा खड्डा सील चालतो त्या पट्ट्यात असेल तर ते सील टिकणार नाही. टी तपासायची सोपी पद्धत अशी: दोन्ही पाईप टीमध्ये घट्ट करा आणि दोन्हींवर आडवी काच धरा. काच चारही टोकांना टेकली तर टी सरळ, डुगडुगली तर पिळलेली. पिळलेली टी ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नका. विशेषतः ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या टीमध्ये न दिसणारी चीर राहून जाते.

सोडण्याआधी घ्यायची मापं

गाडी अजून पूर्ण जोडलेली असतानाच ही मापं लिहून ठेवा. एकदा फोर्क उतरवले की यातली निम्मी परत मिळत नाहीत.

गाडी सरळ उभी धरून जमिनीपासून खालच्या टीच्या तळापर्यंतची उंची, एकदा रिकामी आणि एकदा तुम्ही बसलेले असताना. अ‍ॅक्सलच्या केंद्रापासून खालच्या टीच्या तळापर्यंत आणि फोर्कच्या वरच्या टोकापर्यंतचं अंतर, फोर्क पूर्ण उघडा असताना. फोर्क वरच्या टीच्या किती वर आलेला आहे ते. डिजिटल कोनमापक फोर्क पाईपला टेकवून रेक, म्हणजे उभ्या रेषेशी त्याचा कोन. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावर टाकी आणि फोर्क यांच्यात उरणारी जागा. बाकीची मापं टी सोडल्यानंतरची: स्टेमचा वरचा आणि खालचा व्यास, स्टेमची लांबी, चेसिसच्या गळ्याची (स्टेम ज्या नळीत फिरतं तिची) उंची, आणि वर-खाली दोन्ही बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या व्यासांसह जाडी. हीच मापं डोनरच्या भागांवर घ्या आणि दोन रकान्यांत समोरासमोर लिहा. पुढचे सगळे निर्णय याच कागदावरून होतात.

स्टेम आणि कोनसेट

गळा तुमच्या चेसिसचा, स्टेम डोनरचं. दोघांच्या मध्ये बेअरिंग, हाच कोनसेट. म्हणून पहिला प्रयत्न नेहमी बेअरिंग बदलून जमवण्याचा करायचा: बाहेरचा व्यास तुमच्या गळ्याचा, आतला व्यास डोनरच्या स्टेमचा. टेपर रोलर बेअरिंग अनेक मापांत मिळतात. उदाहरणार्थ ३२००५ म्हणजे आत २५, बाहेर ४७ आणि जाडी १५ मिमी; ३२००६ म्हणजे आत ३०, बाहेर ५५ आणि जाडी १७ मिमी. स्टीअरिंगसाठी याशिवाय अनेक खास मापं बनतात. फोर्क बदलणाऱ्यांसाठी तयार संयोगांचे संचही मिळतात. तुमच्या चार व्यासांची जोडी त्यात सापडली तर अर्धी लढाई जिंकलीच.

जाडीकडे लोकांचं दुर्लक्ष होतं. नवीन बेअरिंग २ मिमी जाड असेल तर टी तेवढी खाली जाते आणि वरच्या नटाला मिळणारे आटे तेवढे कमी होतात. बेअरिंग, धूळसील आणि अ‍ॅडजस्टर नट लावून झाल्यावर वरच्या नटाचे सगळे आटे स्टेमवर पूर्ण बसलेच पाहिजेत.

डोनरचं स्टेम आखूड पडलं किंवा त्याच्या व्यासाची बेअरिंग मिळालीच नाही, तर तुमचं मूळ स्टेम डोनरच्या खालच्या टीमध्ये घालायचा पर्याय उरतो. अ‍ॅल्युमिनियमच्या टीमध्ये पोलादी स्टेम सहसा दाबून बसवलेलं असतं, कधी खालून सर्क्लिप किंवा पिन असते. ती काढून, टी गरम करून हायड्रॉलिक प्रेसवर स्टेम बाहेर येतं. मात्र काही टी पोलादी असतात आणि त्यांचं स्टेम वेल्ड केलेलं असतं. ते दाबून निघत नाही, तिथे हा मार्ग संपला.

तुमचं स्टेम डोनरच्या टीच्या भोकापेक्षा बारीक असेल तर मध्ये स्लीव्ह लागते, जाड असेल तर भोक वाढवावं लागतं. दोन्ही कामं चांगल्या टर्नरकडूनच करून घ्या. त्याला सांगताना "घट्ट बसव" एवढं पुरत नाही. दोन्ही भाग समोर ठेवा, हे सुकाणूचं स्टेम आहे आणि ब्रेकचा सगळा जोर यातून जातो हे सांगा, म्हणजे तो दाबून बसण्यापुरता फरक बरोबर ठेवेल. गरज पडली तर योग्य पोलादाचं नवीन स्टेम अखंड बनवून घ्या. स्टेम कापून मध्ये तुकडा वेल्ड करून लांबी वाढवणं मात्र कोणीही, कितीही खात्रीने सुचवलं तरी करू नका. स्टेम चालत्या गाडीत तुटलं तर सावरायला काहीच उरत नाही.

लांबी, रेक आणि ट्रेल

हा या कामाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

रेक म्हणजे सुकाणूचा अक्ष उभ्या रेषेशी करतो तो कोन. ट्रेल म्हणजे तोच अक्ष पुढे वाढवला तर जमिनीला जिथे टेकेल त्या बिंदूपासून टायर जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर. ट्रेलमुळे पुढचं चाक सुटलं तरी आपोआप सरळ येऊ पाहतं. ट्रेल फार कमी झाला की हँडल वेगात थरथरतं. फार वाढला की गाडी वळवायला जड होते आणि वळणात बाहेर पळते.

फोर्क बदलल्यावर दोन गोष्टी ट्रेल बदलतात: फोर्कची लांबी आणि टीचा ऑफसेट. ऑफसेट म्हणजे स्टेमच्या केंद्रापासून फोर्कच्या केंद्ररेषेपर्यंतचं अंतर, टीवर सरळ मोजता येणारं. अ‍ॅक्सल फोर्कच्या केंद्ररेषेच्या पुढे बसवलेला असेल तर तेवढं अंतर ऑफसेटमध्ये मिळवायचं.

सूत्र असं: चाकाची त्रिज्या गुणिले रेकचा साइन, त्यातून ऑफसेट वजा, आणि आलेल्या उत्तराला रेकच्या कोसाइनने भागायचं. १७ इंची रिमवर १२०/७० टायरची त्रिज्या सुमारे ३०० मिमी. रेक २५ अंश आणि ऑफसेट ३५ मिमी धरला तर ट्रेल साधारण १०१ मिमी येतो. डोनरच्या टीचा ऑफसेट ३० मिमी निघाला तर बाकी काही न बदलता तोच ट्रेल जवळजवळ १०७ मिमी होतो. पाच मिमीने वळणातला फरक हाताला जाणवतो.

आता लांबी. १४०० मिमी व्हीलबेसच्या गाडीचा पुढचा भाग २५ मिमीने खाली आला की रेक साधारण १ अंशाने कमी होतो. वरच्या उदाहरणात २५ चा २४ अंश झाला की ट्रेल १०१ वरून सुमारे ९५ मिमीवर उतरतो. म्हणजे आखूड फोर्क आणि कमी ऑफसेट एकमेकांना बऱ्याच अंशी सांभाळून घेतात, तर आखूड फोर्क आणि जास्त ऑफसेट एकाच दिशेने ओढतात. ही दुसरी जोडी सर्वांत धोक्याची. कागदावर ट्रेल मूळ आकड्याच्या दोन-चार मिमीच्या आत आला की मी समाधानी असतो.

इथे एक बारकावा आहे. नुसते उघडे फोर्क शेजारी ठेवून लांबी तुलना करू नका. चालकासह जेवढे बसतात तेवढे वजा करून तुलना करा, कारण गाडी चालते त्या उंचीवर. शिवाय फोर्क तिरके असतात, त्यामुळे टीमध्ये २० मिमी वर सरकवले तर पुढची उंची २५ अंशाच्या रेकवर सुमारे १८ मिमीनेच उतरते.

डोनरचे फोर्क लांब असतील तर टीमध्ये वर सरकवून जुळवता येतात, पण दोन मर्यादांमध्येच. उलट्या फोर्कचा (जाड नळा वर आणि बारीक पाईप खाली असलेल्या) बाहेरचा नळा टीच्या जागी ठरावीक व्यासाचा असतो, त्याच्या पलीकडे पकड नीट बसत नाही. आणि जेवढे फोर्क वर सरकवाल, तेवढंच चाक पूर्ण दबल्यावर खालच्या टीच्या आणि रेडिएटरच्या जवळ येतं. फोर्क आखूड असतील तर मात्र नळ्याचं टोक वरच्या टीच्या पृष्ठभागाखाली कधीही जाऊ द्यायचं नाही. उरलेला फरक मागची उंची थोडी कमी करून किंवा खास बनवलेल्या लांब कॅपने भरता येतो. तेवढ्यानेही जमत नसेल तर सरळ दुसरा डोनर शोधा.

चाक, अ‍ॅक्सल आणि ब्रेक

डोनरचं पूर्ण चाक वापरत असाल तर हा भाग सोपा. फक्त पुढचं चाक मागच्या चाकाच्या रेषेत येतं का ते सुताने तपासा: मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून सूत पुढे ताणा, पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना सारखी फट उरली पाहिजे.

तुमचंच चाक ठेवायचं असेल तर अ‍ॅक्सलचा व्यास अडतो. चाकाची बेअरिंग बदलून हे बऱ्याचदा सुटतं. ६३०२ बेअरिंग १५ बाय ४२ बाय १३ मिमीची असते आणि ६००४ असते २० बाय ४२ बाय १२ ची. बाहेरचा व्यास तोच, म्हणजे १५ च्या जागी २० चा अ‍ॅक्सल बसू शकतो. पण बेअरिंग १ मिमी अरुंद झाली हे लक्षात ठेवा. हबच्या आत दोन बेअरिंगच्या मधली नळीही नव्या व्यासाची आणि नेमक्या लांबीची बनवावी लागते. ती आखूड राहिली तर अ‍ॅक्सल आवळताच बेअरिंगवर बाजूचा दाब येतो. चाक जड फिरतं आणि बेअरिंग लवकर जाते.

डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये यायला हवी. व्यास वेगळा असेल तर गणित सरळ आहे: तुमची डिस्क ३१० आणि डोनरची २९० मिमी असेल तर त्रिज्येत १० मिमीचा फरक, म्हणजे रेडियल कॅलिपर १० मिमी बाहेर सरकवणारा स्पेसर आणि तेवढे लांब, योग्य दर्जाचे बोल्ट. ब्रेकच्या बोल्टला साध्या दुकानातला कोणताही बोल्ट चालत नाही.

कॅलिपर वाढले की मास्टर सिलिंडरही बघा. १२.७ मिमी व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १२७ चौरस मिमी, १५.९ मिमीचं सुमारे १९८. एका कॅलिपरसाठी असलेला छोटा मास्टर दोन कॅलिपरना तेल पुरवू लागला की लिव्हर हँडलपर्यंत येते. उलट, फार मोठा मास्टर लावला की लिव्हर लाकडासारखी कडक होते आणि ब्रेकचा अंदाज येत नाही. डोनरच्या गाडीचा मास्टर त्याच्याच कॅलिपरबरोबर घेणं म्हणूनच शहाणपणाचं.

एबीएस असेल तर सेन्सरच्या चकतीवरचे दात मोजा. मूळ ५० दात आणि नव्या चाकावर ४८ निघाले तर यंत्रणेला पुढचं चाक ४ टक्के हळू फिरताना दिसतं. एबीएस पुढच्या-मागच्या चाकाच्या वेगाची तुलना करूनच चालतं, त्यामुळे मूळ दातांची चकतीच नव्या हबवर बसवा आणि सेन्सरची फट मॅन्युअलप्रमाणे ठेवा. केबलवर चालणारा स्पीडोमीटर असेल तर त्याची गिअर बॉक्स नव्या हबला बहुधा बसत नाही, तिथे चुंबकीय सेन्सरवाला मीटर लावणं बरं.

सोडण्याचा क्रम

चाक जमिनीवर असतानाच अ‍ॅक्सल नट, स्टेमचा वरचा नट आणि फोर्कच्या वरच्या कॅप सैल करून घ्या. कॅप सैल करताना आधी वरच्या टीचे बोल्ट ढिले करा आणि खालचे घट्ट राहू द्या. वरची टी नळ्याला आवळून धरत असते, त्या स्थितीत कॅपचे आटे जाम होतात आणि जोर लावला की खराब होतात.

मग गाडी इंजिनखाली आधार देऊन पुढून उचला आणि मागून पट्ट्याने बांधा. गळ्याच्या भोकात घालायचा स्टँड इथे उपयोगाचा नाही, कारण तेच भोक तुम्हाला मोकळं हवं आहे. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने चेसिसला अडकवा. टाकी काढून ठेवली तर उत्तम.

जुन्या बेअरिंगच्या रिंगा गळ्यातून लांब ड्रिफ्टने समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने ठोकत काढा. नवीन रिंगा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, गळा थोडा गरम करा आणि जुनीच रिंग वर ठेवून तिच्यावर ठोका. रिंग तळाला बसली की हातोडीचा आवाज बदलतो: पोकळ आवाज जाऊन टणक, भरीव आवाज येतो. तो येईपर्यंत थांबू नका, आणि मग बोटाने कडेभर चाचपून कुठे फट राहिली नाही याची खात्री करा. खालची बेअरिंग स्टेमवर घालण्याआधी धूळसील घाला, हे विसरलं की सगळं पुन्हा काढावं लागतं. बेअरिंग ८० ते १०० अंशांपर्यंत गरम केली की सहज उतरते. ठोकायचीच असेल तर फक्त आतल्या कड्यावर टेकणारा पाईप वापरा, जाळीवर एकही घाव नको.

ग्रीस रोलरच्या आत दाबून भरा. अ‍ॅडजस्टर नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत पुष्कळदा फिरवा, मग सैल करून पुन्हा हलका आवळा. तपासायची खूण अशी: चाक हवेत असताना हँडल मध्यातून किंचित ढकललं की ते स्वतःच्या वजनाने शेवटपर्यंत पडलं पाहिजे, आणि फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे ओढल्यावर खडखड जाणवता कामा नये. वरचा मोठा नट आवळल्यावर प्रीलोड (बेअरिंगवरचा दाब) पुन्हा बदलतो, म्हणून तपासणी त्यानंतर परत करा.

फोर्क जोडताना

अ‍ॅक्सल दोन्ही पायांतून हाताने सरकत गेला पाहिजे. हातोडी लागत असेल तर कुठेतरी पीळ आहे, तो आधी शोधा. क्रम असा ठेवा: खालच्या टीचे बोल्ट आवळा, मग स्टेम नट, मग वरची टी. अ‍ॅक्सल नट आवळा पण दुसऱ्या पायाचे पिंच बोल्ट (अ‍ॅक्सल आवळून धरणारे) सैल ठेवा. ब्रेक दाबून पुढचा भाग जोरात वर-खाली करा, म्हणजे तो पाय आपली नैसर्गिक जागा घेतो. त्यानंतरच पिंच बोल्ट आवळा. उलट्या फोर्कवर टीचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, आळीपाळीने आणि नेमके आवळा. जास्त आवळलं की बाहेरचा नळा किंचित दबतो आणि आतला पाईप तिथे अडखळत चालतो.

हे सगळं पहिल्यांदा स्प्रिंगशिवाय जोडा. ही पायरी टाळायचा मोह होतो, टाळू नका. स्प्रिंग नसताना गाडी जॅकने हळूहळू खाली सोडा, फोर्क पूर्ण बसेपर्यंत. टायर आणि रेडिएटर, मडगार्ड आणि खालची टी, टायर आणि एक्झॉस्ट यांच्यामध्ये मऊ मातीचे गोळे चिकटवून ठेवा. गाडी उचलल्यावर दबलेला गोळा काढून त्याची जाडी मोजा. कुठेही किमान १० मिमी उरलेच पाहिजेत, कारण ब्रेक लागला की फोर्क थोडे मागे वाकतात आणि टायर वेगात किंचित फुगतो.

त्याच स्थितीत हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. डोनरच्या टीवरचे स्टॉप तुमच्या गळ्यावरच्या खुणांशी बहुधा जुळत नाहीत. फोर्क टाकीवर आदळायच्या आधी स्टॉप लागलाच पाहिजे. नसेल तर टीवर बोल्टने बसणारा पक्का स्टॉप बनवून घ्या. क्लच केबल, थ्रॉटल केबल, ब्रेकचे होज आणि वायरिंग कुठेही ताणलं किंवा चिमटलं जात नाही हे फोर्क पूर्ण उघडा आणि पूर्ण दबलेला, दोन्ही स्थितीत बघा. स्टीअरिंग लॉकची पिनही नव्या टीमध्ये बसते का ते याच वेळी तपासा.

स्प्रिंग, तेल आणि सॅग

डोनरच्या स्प्रिंग डोनरच्या वजनाच्या असतात. तुमच्या गाडीचा पुढचा भार जाणून घ्यायला पुढच्या चाकाखाली वजनकाटा ठेवा, मागचं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवा आणि वर बसा. डोनरवर तो भार १३० किलो असेल आणि तुमच्याकडे ११० किलो, तर त्याच्या ०.९० किलो प्रति मिमीच्या स्प्रिंगऐवजी साधारण ०.७६ ची स्प्रिंग सुरुवातीला योग्य. प्रीलोड (इथे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) कमी करून कडक स्प्रिंग मऊ होत नाही. प्रीलोडने फक्त गाडी किती उंच उभी राहते ते बदलतं.

तेल मोजायचं ते स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क उभा आणि पूर्ण दाबलेला असताना, नळ्याच्या वरच्या काठापासून खाली. त्याआधी डॅम्पर सावकाश पुष्कळदा पंप करून अडकलेली हवा काढा. दोन्ही पायांत पातळी सारखी हवी. तेलावरची हवेची पोकळी शेवटच्या टप्प्यात जास्तीच्या स्प्रिंगचं काम करते: पातळी वाढवली की फोर्क तळाला आदळायला विरोध करतो, सुरुवातीच्या मऊपणावर फारसा परिणाम होत नाही.

सॅगसाठी (वजनाने फोर्क किती बसतो ते माप) आतल्या पाईपवर केबल-टाय बांधा. फोर्क पूर्ण उघडा असतानाचं माप घ्या. मग चालक नेहमीच्या बसण्यात असताना एकदा पुढचा भाग दाबून हळूच सोडा आणि मोजा, एकदा उचलून हळूच सोडा आणि मोजा. या दोन मापांची सरासरी पहिल्यातून वजा केली की सॅग मिळतो. १२० मिमी ट्रॅव्हलच्या फोर्कवर चालकासह ३५ ते ४० मिमी ही चांगली सुरुवात. दोन मापांत फार फरक येत असेल तर फोर्क अडखळतोय: अ‍ॅक्सलची पीळ, जास्त आवळलेली टी किंवा सुके सील यांत कारण शोधा.

पहिली फेरी

ब्रेकची हवा पूर्ण काढा आणि लिव्हर घट्ट झाल्याशिवाय गाडी हलवू नका. मोकळ्या जागेत आधी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या वेगाने, मग हलके ब्रेक, मग जोराचे. कमी वेगात गाडी डोलत असेल, सरळ येत नसेल तर कोनसेट घट्ट आहे. ब्रेक लागताच टक्क आवाज येत असेल तर तो ढिला आहे. वळायला जड आणि बाहेर पळत असेल तर पुढचा भाग उंच आहे: फोर्क टीमध्ये ३-४ मिमी वर सरकवा आणि परत चालवून बघा. वेग वाढताच हँडल थरथरत असेल तर तिथेच थांबा, कोनसेट आणि टायर तपासा, आणि ते ठीक असतील तर पुढचा भाग उंच करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर स्टेम नट, टीचे बोल्ट, अ‍ॅक्सलचे पिंच आणि कॅलिपरचे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. नवीन कोनसेटच्या रिंगा थोड्या बसतात, त्यामुळे प्रीलोड यावेळी बहुधा किंचित वाढवावा लागतो.

शेवटचं काम कागदाचं. फोर्क, चाक आणि कॅलिपर कोणत्या मॉडेलचे आणि वर्षाचे, कोनसेटच्या दोन्ही बेअरिंगचे नंबर, चाकाच्या बेअरिंगचे नंबर, ऑइल सीलचं माप, तेलाचा ग्रेड आणि पातळी, स्प्रिंगचा रेट, बनवून घेतलेल्या प्रत्येक स्पेसरची लांबी, हे सगळं एका पानावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी ब्रेक पॅड मागताना तुमच्या गाडीचं नाव सांगून चालणार नाही, डोनरचं सांगावं लागेल, आणि त्या वेळी गाडीवर काम करणारा माणूस कदाचित तुम्ही नसाल.